सामाईक भाकर आणि शब्बाथाची सीमा : 'एरूव' या यहुदी संस्थेचा ऐतिहासिक विचार

न्यू यॉर्क, लंडन, यरुशलेम इत्यादी शहरांच्या काही भागांभोवती खांबांवरून ताणलेली एक तार आज आढळते. शास्त्रनिष्ठ यहुदी लोक तिला 'एरूव' म्हणतात. तिच्या आतील भागात शब्बाथाच्या दिवशी मूल कडेवर घेऊन अथवा प्रार्थनेचे पुस्तक हाती घेऊन रस्त्याने जाण्यास त्यांना शास्त्राचा प्रत्यवाय वाटत नाही. तथापि हे नाव मूळचे तारेचे नव्हे. 'एरूव' या हिब्रू शब्दाचा अर्थ मिसळणे, एकत्र करणे असा आहे, आणि प्राचीन ग्रंथांत तो शब्द एका खाद्यपदार्थाला, बहुधा भाकरीला, लावलेला आहे. भिंत, खांब किंवा तार यांनी जागा वेढली जाते. परंतु वेढलेल्या जागेत राहणारे लोक एका घरचे ठरतात ते या भाकरीमुळे. शब्बाथाची सीमा अन्नाने का ठरावी, आणि या कल्पनेतून कोणत्या प्रकारचे सामाजिक जीवन घडले, हा येथील विवेचनाचा विषय आहे. एरूव म्हणजे नियमातून काढलेली सोयीस्कर पळवाट होय, असा आक्षेप प्राचीन काळापासून घेतला गेला आहे. त्याचा निर्णय करावयाचा तर अगोदर या संस्थेची घडण पाहणे आवश्यक आहे.

१

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत पाळावयाचा विश्रांतिदिन, म्हणजे शब्बाथ, महाराष्ट्रातील वाचकास सर्वस्वी अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाला 'शनवार तेली' हे नाव पडले ते शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या त्याच्या रिवाजावरूनच. या दिवशी करावयाच्या विश्रांतीला दोन स्थलविषयक मर्यादा आहेत. पहिली मर्यादा चालण्याची. 'निर्गम' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात सातव्या दिवशी कोणी आपले स्थान सोडून बाहेर जाऊ नये अशी आज्ञा आहे. दुसरी मर्यादा वस्तू वाहून नेण्याची. यिर्मया संदेष्ट्याच्या सतराव्या अध्यायात शब्बाथाच्या दिवशी घरातून ओझे बाहेर काढू नये आणि यरुशलेमच्या वेशीतून ते आत आणू नये असा कडक आदेश आढळतो.

या दोन्ही आज्ञांत एक प्रश्न अनिर्णित राहतो, आणि तो म्हणजे माणसाचे 'स्थान' कोणते आणि त्याचे 'घर' कोठे संपते? 'गणना' या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात लेवींच्या नगरांभोवती सोडावयाच्या भूमीचे माप सांगताना एक हजार आणि दोन हजार हात असे दोन आकडे येतात. पुढील शास्त्रकारांनी यांपैकी दोन हजार हातांचे माप घेऊन, वस्तीच्या कडेपासून प्रत्येक दिशेस तेवढे अंतर शब्बाथाच्या दिवशी चालता येते, असा नियम बसविला. या मर्यादेस 'तेखूम' म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही कल्पना सर्वपरिचित होती. ख्रिस्ती 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात जैतुनांचा डोंगर यरुशलेमपासून शब्बाथाच्या एका मजलीइतका दूर आहे असे विशेष खुलासा न करता सांगितले आहे. गेझेर येथे १८७४ मध्ये क्लेर्माँ-गानो या फ्रेंच संशोधकाला गेझेरची सीमा दर्शविणारे कोरीव लेख सापडले, तेव्हा ते शब्बाथाच्या सीमेचेच दगड असावेत असे मत मांडले गेले. त्यांवर ग्रीक लिपीत एका व्यक्तीचेही नाव असल्याने ते जमिनीच्या मालकीचे दगड असावेत असे म्हणणारा पक्षही प्रबळ आहे. त्यामुळे या लेखांना तेखूमचा निर्णायक पुरावा मानता येत नाही.

या विषयाचे सविस्तर शास्त्र इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हानासी यांनी संकलित केलेल्या मिश्नेत आढळते. तिच्या 'मोएद' नामक विभागात 'शब्बाथ' या प्रकरणापाठोपाठ 'एरूवीन' हे दहा अध्यायांचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे बॅबिलोनी आणि यरुशलेमी या दोन्ही ताल्मूदांत त्यावर विस्तृत चर्चा झाली. परंपरा या संस्थेचे कर्तृत्व शलमोन राजाकडे देते. बॅबिलोनी ताल्मूदात ते मत तिसऱ्या शतकातील शमुएल या आचार्याच्या नावावर नोंदलेले आहे. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र मंदिराच्या विध्वंसापूर्वीच्या, म्हणजे इसवी सन ७० पूर्वीच्या, अखेरच्या पिढ्यांपलीकडे तिचा मागोवा खात्रीने घेता येत नाही.

२

प्रथम चालण्याच्या मर्यादेसंबंधीचा एरूव पाहू जाता, त्याची रीत अशी आहे. शब्बाथाच्या दिवशी दोन हजार हातांच्या पलीकडे जाणे ज्याला आवश्यक असेल, त्याने शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी त्या दिशेने दोन हजार हातांच्या आत दोन भोजनांपुरते अन्न नेऊन ठेवावे. त्यायोगे त्या दिवसापुरते त्याचे निवासस्थान अन्नाच्या जागी आहे असे मानले जाते आणि दोन हजार हातांचे माप तेथून मोजले जाते.

या तरतुदीने सीमा वाढत नाही, ती केवळ सरकते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गावाच्या पूर्वेस एक हजार हातांवर अन्न ठेवणाऱ्यास पूर्वेकडे तीन हजार हात जाता येते, परंतु पश्चिमेकडे एकच हजार हात मोकळे राहतात. एका बाजूस जेवढा लाभ तेवढीच दुसऱ्या बाजूस हानी, हे तत्त्व मिश्नेत स्पष्टपणे नमूद आहे. शिवाय ही सवलत कोणत्याही कारणासाठी नाही. शोक झालेल्या घरी सांत्वनास जाणे, विवाहाच्या मेजवानीस जाणे ही तिची मिश्नेतील उदाहरणे होत, आणि धर्मकार्यावाचून असा एरूव करू नये असा निर्णय ताल्मूदात आढळतो. बाहेरगावाहून एखादा विद्वान येणार असेल, परंतु तो पूर्वेकडून येईल की पश्चिमेकडून हे ठाऊक नसेल, तर दोन्ही दिशांना अन्न ठेवून अट घालता येते काय, याचाही विचार तेथे केलेला आहे.

अन्न कोणते असावे, किती असावे आणि कोठे ठेवावे याविषयीचे नियम सूक्ष्म आहेत. पाणी आणि मीठ वगळून कोणताही खाद्यपदार्थ चालतो, कारण केवळ पाण्यावर अथवा मिठावर कोणाचे भोजन होत नाही. दोन भोजने म्हणजे किती, यावर रब्बी मेईर यांनी साध्या दिवसाच्या जेवणाचे आणि रब्बी यहूदा यांनी शब्बाथाच्या जेवणाचे प्रमाण घेतले. दोघांचाही हेतू माप हलके करण्याचा होता, अशी टिप्पणी मिश्नाच करते. अन्न अशा ठिकाणी असावे की ते दिवस मावळताना खाण्यास मिळू शकेल. झाडावर दहा मुठींहून उंच ठेवलेले अन्न चालत नाही. पण शंभर हात खोल खड्ड्यात ठेवलेले चालते. ते घरंगळत सीमेबाहेर गेले, त्यावर ढिगारा कोसळला किंवा ते जळून गेले, तर ही घटना अंधार पडण्यापूर्वी घडली की नंतर, यावर सारा निर्णय अवलंबून राहतो. अंधार पडण्याच्या क्षणी अन्न जागेवर असेल तर निवास सिद्ध झाला, मग ते पुढे नष्ट झाले तरी हरकत नाही.

हे सर्व नियम एका मूळ कल्पनेकडे बोट दाखवितात. मिश्नेच्या चौथ्या अध्यायात या कल्पनेवर एक महत्त्वाचा वाद आहे. गरीब मनुष्य आपल्या पायांनी एरूव करतो असे तेथे म्हटले आहे. याचा अर्थ, संध्याकाळी त्याने स्वतः त्या जागी जाऊन उभे राहावे, म्हणजे अन्न ठेवण्याची गरज नाही. रब्बी मेईर यांच्या मते ही मुभा केवळ गरिबासाठी आहे. उलट रब्बी यहूदा म्हणतात की गरीब असो वा श्रीमंत, पायांनी जाणे हाच एरूवाचा मूळ प्रकार होय. भाकरीची तरतूद श्रीमंताला सवलत म्हणून झाली, जेणेकरून त्याला स्वतः गावाबाहेर जाऊन उभे राहावे लागू नये. बॅबिलोनी ताल्मूदाने या वादाची उकल अशी केली की एकाच्या मते एरूवाचे सार भाकरीत आहे आणि दुसऱ्याच्या मते पायांत. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक वस्तुस्थिती हाती लागते. दोन जेवणांचे अन्न उघड्यावर ठेवून देणे सर्वांना परवडत नव्हते, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. आणि नियम करताना शिधा नसलेला प्रवासीही त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र सहमत आहेत. भाकर ही माणसाची प्रतिनिधी आहे. जेथे ती आहे तेथे तो आहे.

३

वस्तू वाहून नेण्यासंबंधीचा एरूव याहून अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात एकट्या माणसाचे काम भागत नाही. तो समजून घेण्यासाठी त्या काळची घरे कशी होती हे पाहिले पाहिजे. गालीलातील कफर्णहूम येथील उत्खननांत मधल्या चौकाभोवती खोल्या रचलेली घरे आढळली आहेत, आणि अशा चौकांत चुली होत्या. मिश्नेतील चित्रही असेच आहे. अनेक कुटुंबांच्या खोल्या एका चौकात उघडतात, अनेक चौक एका बोळात उघडतात आणि बोळ हमरस्त्यास मिळतो. शब्बाथाच्या दिवशी आपल्या घरात वस्तू हलविणे निर्वेध आहे, हमरस्त्यावर नेणे निषिद्ध आहे. पण सर्वांचा असूनही कोणा एकाचा नसलेल्या चौकाचे काय? शास्त्रकारांनी येथे प्रथम निर्बंध घातला. प्रत्येक घर स्वतंत्र, म्हणून घरातून चौकात काही नेऊ नये. नंतर त्यांनीच उपाय सांगितला. प्रत्येक कुटुंबाने एक भाकर द्यावी आणि त्या सर्व भाकरी चौकातील एका घरी ठेवाव्यात. मग सर्व कुटुंबे मिळून एक घर ठरते आणि चौक त्या घराचे अंगण होतो. बोळापुरता असाच जो भागीदारीचा विधी केला जातो, त्यास 'शित्तूफ' म्हणतात. त्याला भाकरीचाच आग्रह नाही. पाणी व मीठ यांखेरीज इतर खाद्यपदार्थही त्यास पुरेसे होतात.

या विधीने नेमके काय घडते, याची दोन उत्तरे बॅबिलोनी ताल्मूदात दिली आहेत. शमुएल यांच्या मते हा हक्काचा व्यवहार आहे. भाकर देऊन प्रत्येक जण भाकर ठेवलेल्या घरात हक्क मिळवितो. चौथ्या शतकाच्या आरंभीचे आचार्य रब्बा यांच्या मते हा निवासाचा प्रश्न आहे. ज्यांची भाकर तेथे, त्यांचा निवास तेथे. माणूस राहतो कोठे, हा प्रश्नही याच ओघात उपस्थित झाला. भावाभावांनी बापाच्या घरी जेवावे आणि रात्री आपापल्या घरी झोपावे, अशा स्थितीत त्यांचे घर कोणते मानावे? शमुएल झोपण्याच्या जागेस महत्त्व देतात, तर त्यांचे समकालीन रव हे भाकर खाण्याच्या जागेस. पुढील स्मृतिग्रंथांनी रव यांचे मत स्वीकारले. घराची व्याख्या छपराने न करता जेवणाच्या जागेने करावी, हा निर्णय या संपूर्ण शास्त्राचा पाया म्हणता येईल.

या कल्पनेचे व्यावहारिक परिणाम भाकरीच्या आकारासंबंधीच्या नियमात स्पष्ट दिसतात. रब्बी यहोशुआ यांच्या मते चौकाच्या एरूवास अखंड भाकरच हवी. ती एका लहानशा नाण्याच्या किमतीची असली तरी चालेल, परंतु मोठी भाकर तुटकी असल्यास चालणार नाही. वरवर पाहता हा नियम चमत्कारिक वाटतो. ताल्मूदाने त्याचे कारण एका शब्दात दिले आहे, आणि ते म्हणजे वैर. तुकडा चालेल असे म्हटले, तर मी अखंड भाकर दिली आणि शेजाऱ्याने तुकड्यावर भागविले, अशी कुरबूर चौकात सुरू होईल. आपण दिलेली भाकर इतरांनी खाल्लेली ज्यास खपत नाही, त्याचा एरूव एरूवच नव्हे, असे शमुएल यांनी ठरविले. कारण या शब्दाचा अर्थच मुळी मिसळणे असा आहे. यरुशलेमी ताल्मूदात रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचे मत आढळते की चौकांतील एरूवाचा हेतू शांततेचे मार्ग निर्माण करणे हा होय. तेथेच एक कथा दिली आहे. एका स्त्रीचे आपल्या शेजारणीशी वितुष्ट होते. तिने आपला एरूव मुलाच्या हाती शेजारणीकडे पाठविला. शेजारणीने मुलाला जवळ घेऊन त्याचे मुके घेतले. मुलाने घरी येऊन आईस हे सांगितले. तिचे आपल्यावर एवढे प्रेम आहे हे आपल्याला कळलेच नाही असे आईला वाटले, आणि दोघींचे भांडण मिटले. कथा घडलेली असो वा नसो, भाकर पोहोचविण्याचे काम दर शुक्रवारी कोणास तरी उंबरठा ओलांडावयास लावीत होते, एवढे तिच्यावरून निश्चित होते.

४

जी व्यवस्था सर्वांच्या संमतीवर उभी असते, तिला एकाचाही नकार बाधक होतो. चौकात एरूव न मानणारा एखादा मनुष्य राहत असेल, तर त्याच्यामुळे इतरांवर निर्बंध येतो असे मिश्ना सांगते. याच ठिकाणी यवने येथील रब्बान गम्लिएल यांची एक आठवण आहे. यरुशलेममध्ये त्यांच्या बोळात एक सदूकी राहत असे. तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरच्यांना घाईने बजावले की, त्याने आपल्या वस्तू बाहेर आणून बोळ अडविण्यापूर्वी तुम्ही आपल्या वस्तू बाहेर काढा. ही आठवण इसवी सन ७० पूर्वीच्या नगरातील आहे. पंथभेद एरवी मंदिरातील विधी आणि पुनरुत्थान यांसारख्या प्रश्नांवर दिसतात. येथे तोच भेद एका बोळात, शुक्रवारच्या संध्याकाळी, भांडी प्रथम कोण बाहेर काढतो या चढाओढीत दिसतो.

एरूव न मानणाऱ्यांचा विरोध केवळ हट्टाचा नव्हता. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील 'युबिलींचा ग्रंथ' एका घरातून दुसऱ्या घरात वस्तू नेणे-आणणे शब्बाथाच्या दिवशी स्पष्टपणे निषिद्ध ठरवितो. सॉलोमन शेख्टर यांनी १८९७ मध्ये कैरोच्या गेनिझातून आणलेल्या आणि १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'दमिष्क दस्तऐवजा'त शब्बाथाच्या दिवशी नगराबाहेर एक हजार हातच चालावे, जनावराच्या मागे चरण्यास जाताना मात्र दोन हजार हात चालावे, असा नियम आहे. म्हणजे 'गणना'मधील दोन्ही आकडे येथे वेगळ्या रीतीने जुळविले आहेत. याच ग्रंथाचे तुकडे पुढे १९५२ मध्ये कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडले. त्यातील एक वाक्य स्वेच्छेने मिसळण्यास मनाई करते. ही एरूवाचीच मनाई होय असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते तेथे दोन अक्षरांची अदलाबदल झाली असून मूळ मनाई शब्बाथाच्या दिवशी उपाशी राहण्याची आहे. या पाठाचा निर्णय काहीही होवो, घराची सीमा भिंतीपाशी संपते असे मानणारा एक कडक पक्ष त्या काळी होता हे निर्विवाद आहे. आठव्या शतकात आनान बेन दावीद यांच्यानंतर पुढे आलेल्या कराई पंथानेही, मौखिक परंपरा नाकारताना, एरूव नाकारला.

यहुदीतर शेजाऱ्याचा प्रश्न याहून अवघड होता. तो एरूवात सामील होऊ शकत नसल्याने, त्याच्या जागेचा हक्क त्याच्याकडून भाड्याने घ्यावा असे ताल्मूद सांगते. भाडे कितीही अल्प असले तरी चालते. परंतु या अटीमागील हेतू तेथेच उघड सांगितला आहे. अशा शेजारात राहणे गैरसोयीचे व्हावे, म्हणजे यहुदी कुटुंबे परक्यांच्या चालीरीती उचलणार नाहीत. ज्या संस्थेने आतील लोकांत सलोखा वाढविला, तिनेच बाहेरील लोकांपासूनचे अंतर राखले. तिची प्रशंसा करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासास धरून होणार नाही.

५

मध्ययुगात या शास्त्राची सुसूत्र मांडणी झाली. मैमोनिदीझ (मृत्यू १२०४) यांनी आपल्या 'मिश्ने तोरा' या ग्रंथात एरूवाचा आशय मोजक्या शब्दांत दिला. आपण सर्व मिसळलेले आहोत आणि आपल्या सर्वांचे अन्न एक आहे, असे या कृतीने जणू जाहीर केले जाते, हे त्यांचे म्हणणे होय. माप ठरविताना, अठरा अथवा त्याहून अधिक सहभागी असल्यास सर्वांना मिळून अठरा सुक्या अंजिरांइतके अन्न पुरते, असे त्यांनी दिले. अठरा अंजिरे म्हणजे दोन भोजने. त्याअर्थी शेकडो कुटुंबांची 'एक' शिदोरी प्रत्यक्षात फारच लहान असू शकते.

याच काळात विधीच्या स्वरूपात एक बदल दृढ झाला. सर्वांच्या वतीने एकाने अन्न द्यावे आणि दुसऱ्या कोणी ते सर्वांसाठी स्वीकारावे, ही मुभा मिश्नेतच होती. वस्ती वाढली तसा हाच रूढ मार्ग झाला. मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी प्रत्येक घरातून थोडे पीठ गोळा करून त्याची एक भाकर करण्याची प्रथा होती. तिच्यात जुन्या पद्धतीचा अंश टिकून होता. १५६५ मध्ये व्हेनिस येथे मुद्रित झालेल्या योसेफ कारो यांच्या 'शुल्खान आरूख' या ग्रंथाने हे नियम संहिताबद्ध केले. त्यावर टीपा लिहिणारे क्राकोचे मोशे इसर्लेस (मृत्यू १५७२) यांच्या काळी, पासोव्हर सणाच्या पूर्वदिनी सर्व वर्षाचा एरूव एकदाच करण्याची आणि तो प्रार्थनामंदिरात ठेवण्याची चाल पडली होती. त्यासाठी 'मात्सा' ही बिनखमिराची भाकर वापरीत, कारण ती फार दिवस टिकते आणि पासोव्हरच्या दिवसांतही चालते. यहुदीतर शेजाऱ्यांकडून घरोघर भाडेपट्टा घेण्याऐवजी नगराधिपाकडून एकत्रित हक्क घेण्याचा मार्गही मान्य झाला. आजच्या शहरांत नगरपालिकेसारख्या सत्तेकडून नाममात्र मोबदल्यावर असा हक्क घेतला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

या परिवर्तनात लाभ उघड आहे. चौकापुरती असलेली व्यवस्था नगरास लागू करता आली. हानी तितकी उघड नाही. दर शुक्रवारी दारोदार जाणारी भाकर प्रार्थनामंदिरातील एका कपाटात वर्षभर राहू लागली. शास्त्रार्थ तोच राहिला, परंतु शेजाऱ्याच्या हातून भाकर घेण्याची कृती नाहीशी झाली. भाकर दृष्टीआड झाल्यावर 'एरूव' हे नाव, जे डोळ्यांना दिसत होते त्याला, म्हणजे खांब आणि तार यांना, चिकटले असल्यास नवल नाही.

एरूव ही पळवाट होय काय, या आरंभीच्या प्रश्नास आता उत्तर देता येईल. पळवाट एकट्याला गुपचूप साधता येते आणि तिची किंमत द्यावी लागत नाही. चालण्याचा एरूव एका दिशेस जेवढे देतो तेवढेच दुसऱ्या दिशेस काढून घेतो. चौकाचा एरूव तर शेजाऱ्यांच्या संमतीवाचून होतच नाही, आणि जो निर्बंध तो दूर करतो तो शास्त्रकारांनीच घातलेला आहे. चौक कोणा एकाचा नाही या जाणिवेतून निर्बंध आला आणि तो सर्वांचा आहे हे कृतीने मान्य करण्यातून त्याची सुटका झाली. माणसाचे घर त्याची भाकर जेथे आहे तेथे असते, आणि ज्यांची भाकर एक त्यांचे घर एक, ही दोन विधाने मान्य केली की एरूवाचे बहुतेक नियम त्यांतून निघतात. सदूकी आणि कराई यांनी नाकारली ती हीच विधाने होत. दोन्ही पक्ष शब्बाथ पाळण्याविषयी सारखेच दक्ष होते. त्यांचा मतभेद घर कशाला म्हणावे याविषयी होता. आजही तारेने वेढलेल्या वस्तीत, कोठेतरी एका कपाटात मात्साची एक पेटी ठेवावीच लागते. तीवाचून नुसत्या तारेने शास्त्रदृष्ट्या एरूव होत नाही.